आयरिश घरातली जर्मन सोबतीण
(वाचकांचे प्रश्न)

परदेशी शिक्षणाबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मागच्या अंकात मी आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या माझ्या जर्मन सोबतिणीचा उल्लेख केला होता. मी तिथे सागरविज्ञान शिकत होते, ती लाइपझिगहून इंग्रजी साहित्य आणि इतिहास शिकायला वर्षभरासाठी आली होती. घरात आमच्याबरोबर दोन आयरिश मुली होत्या, एक क्लेअर काउंटीतली, दुसरी मेयोतली. त्या दोन ओळींवर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी इतकी पत्रं पाठवली की या वेळची पानं त्यांनाच देते आहे. सोबतिणीला फोन करून तुमचे प्रश्न सांगितले. तिने मोकळेपणाने उत्तरं दिली, आणि ती छापायला परवानगीही दिली.

जर्मनीत सरकारी विद्यापीठात जवळपास फुकट शिकता येतं म्हणतात. मग जर्मन मुलगी आयर्लंडला कशाला गेली? आमचा भाचा तर उलट जर्मनीला जायचं म्हणतो.
— एक मामा, म्हापसा

ती पदवी घ्यायला गेली नव्हती, पदवीमधलं एक वर्ष घालवायला गेली होती. युरोपात १९८७ पासून इरास्मस नावाची योजना आहे. विद्यार्थी आपल्या विद्यापीठात नाव ठेवून दुसऱ्या देशात एखादं सत्र किंवा वर्ष शिकतो, तिथे शिकवणीची फी भरत नाही, वर थोडी मदतही मिळते. ब्रिटन बाहेर पडल्यावर युरोपीय संघात रोजच्या व्यवहारात इंग्रजी चालणारे देश दोनच राहिले, आयर्लंड आणि माल्टा. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या जर्मन मुलांची आयर्लंडकडे रीघ असते ती त्यामुळे.

लाइपझिगचं आणखी एक नातं आहे, आणि ते मला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात तिथे एर्न्स्ट विंडिश हे प्राध्यापक संस्कृत शिकवत आणि जुन्या आयरिश भाषेवरही काम करत. त्यांचे विद्यार्थी कुनो मायर यांनी १९०३ मध्ये डब्लिनला आयरिश भाषेच्या अभ्यासासाठी शाळा काढली. माझी सोबतीण जाण्याआधी हे सगळं वाचून गेली होती.

भाच्याला जर्मनीला जरूर जाऊ द्या, पण विषय इंग्रजीतून शिकता आला तरी घर शोधायला आणि दवाखान्यात बोलायला जर्मन लागते. ती इथूनच शिकून जाऊ दे.

आयरिश लोक गप्पिष्ट आणि मनमोकळे असतात असं सगळीकडे ऐकलं. माझी मुलगी सप्टेंबरात गॉलवेला जाते आहे. तिला मैत्रिणी लगेच मिळतील ना? ती थोडी बुजरी आहे.
— एक आई, डिचोली

मोकळे आहेत हे अगदी खरं. गॉलवेत बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, शाळेतली पोरंसुद्धा. स्टॉपवर उभं राहिलं की शेजारची बाई हवेपासून सुरुवात करते आणि बस येईपर्यंत तिच्या सुनेचं बाळंतपण आपल्याला कळलेलं असतं. सोबतीण सुरुवातीला रोज संध्याकाळी असं काहीतरी नवीन ऐकून घरी यायची. लाइपझिगच्या ट्राममध्ये अनोळखी माणसाशी सहसा कुणी बोलत नाही, म्हणून तिला याचं फार अप्रूप.

ऑक्टोबर लागला आणि ती गप्प गप्प राहू लागली. वर्गात सगळे हसून बोलत, ‘ये ना कधीतरी’ म्हणत, पण तो कधीतरीचा दिवस काही येत नव्हता. कारण तिला क्लेअरच्या मुलीने सांगितलं. आयरिश विद्यार्थी शुक्रवारी दुपारी बॅग उचलून गावी जातात आणि रविवारी रात्री परततात. गावी शाळेपासूनचे मित्र असतात, हर्लिंगचा (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) नाहीतर गॅलिक फुटबॉलचा क्लब असतो, कुणी गावातल्याच दुकानात कामाला असतो. शनिवारी आमचा विद्यापीठाचा परिसर ओस पडायचा. मागे राहायचो ते आम्ही परदेशी. ज्यांचा गोतावळा आधीच भरलेला आहे त्यांना नव्या माणसाची गरज चटकन जाणवत नाही, त्यात त्यांचा वाईट हेतू नसतो.

तिला जागा मिळवून दिली ती व्हायोलिनने. गॉलवेच्या पबमध्ये संध्याकाळी सेशन चालतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाच-सात जण फिडल (म्हणजे व्हायोलिनच), टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बोरान नावाचा हातात धरायचा चामड्याचा डफ घेऊन बसतात. स्टेज नाही, माइक नाही, पुढ्यात कागद नाही. ही लहानपणापासून नोटेशन वाचून वाजवणारी. पहिल्यांदा गेली तेव्हा व्हायोलिनची पेटी न उघडताच परत आली. एक जण धून सुरू करतो, बाकीचे उचलतात. धुनेचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, असं सगळं मिळून बहुधा तीन वेळा, आणि मग श्वास न घेता पुढची धून. कुठली धून येणार हे कुणी सांगत नाही.

मग ती दर मंगळवारी जाऊ लागली. पेटी खुर्चीखाली, समोर एक ग्लास, आणि नुसतं ऐकायचं. फोनवर ध्वनिमुद्रण करून आणायची आणि आमच्या स्वयंपाकघरात बसून एकेक धून कानाने बसवायची. आपल्याकडे देवळातल्या भजनात पोरं मागे झांज घेऊन बसता बसता अभंग पाठ करतात, तसंच ते चाललं होतं. वाजवणाऱ्यांच्या खुर्च्यांवर आपण होऊन जाऊन बसायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नाही, तिने बघून ओळखलं.

नाताळच्या थोडं आधी मी तिच्याबरोबर गेले होते. टेबलाशी बसलेल्या एका वयस्क फिडलवाल्याने पायाने एक खुर्ची बाहेर सरकवली आणि तिला विचारलं, तुला कुठली येते. तिने एक रील, म्हणजे जलद नाचाची धून, सुरू केली. डाव्या हाताची बोटं सवयीने तारेवर थरथरत होती, कारण शास्त्रीय व्हायोलिनमध्ये लांब सुराला असा कंप देतात. धून चालू असतानाच त्या आजोबांनी तिच्या बोटांकडे बघत मान किंचित हलवली. तिने कंप थांबवला, गज आखूड चालवायला लागली, आणि दुसऱ्या फेरीला तिचा सूर बाकीच्या फिडलांमध्ये मिसळून गेला. त्यानंतर तिला नाव होतं. कुणी गाडीतून घरी सोडायचं, कुणाच्या आईच्या साठीला बोलावणं यायचं, टेबलावरच्या एकाचे वडील वारले तेव्हा दफनालाही ती गेली.

ताई, तुमच्या मुलीला वाजवता येत नसेल तरी बिघडत नाही. सत्र सुरू झालं की विद्यापीठात क्लबांच्या नावनोंदणीचे दिवस असतात. कोरिब नदीवर होड्या वल्हवणारे असतात, डोंगर चढणारे असतात, नाटकवाले असतात, नवशिक्या मुलींना कॅमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग, शिकवणारे असतात. तिने एकच निवडावं आणि मे महिन्यापर्यंत दर आठवड्याला, पाऊस असो, परीक्षा असो, तिथे हजर राहावं. बुजऱ्या मुलीला हे सोपं पडतं, कारण बोलायला हातातलं काम मिळतं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. सगळ्या भारतीय मुलांनी मिळून घेतलेल्या घरात तिला ठेवू नका. वर्षभर तिथे राहून, एकाही आयरिश घराचा उंबरा न ओलांडता, पदवी घेऊन परतलेली आपली मुलं मी पाहिली आहेत. मला त्यांच्यासाठी आजही वाईट वाटतं.

जर्मन माणूस शिस्तीचा आणि तोंडावर बोलणारा. एका घरात राहून भांडणं नाही झाली?
— कॉलेजकन्या, फोंडा

पहिला वाद खिडकीचा. जर्मनीत थंडीतही रोज सकाळी खिडक्या सताड उघडून हवा खेळवतात, भाडेकरूकडून तशी अपेक्षाच असते, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. आमच्या घरात हीटिंग टायमरवर, सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ. ही नेमकी त्याच वेळी खिडकी उघडायची आणि पैसे मोजून केलेली ऊब बाहेर जायची. मेयोची मुलगी एक शब्दही न बोलता मागोमाग जाऊन खिडकी लावायची. दोघींचंही बरोबर होतं, कारण बुरशी खरोखरच होती आणि विजेचं बिलही खरं होतं. शेवटी हीटिंग सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं खिडक्या उघडायच्या असं ठरलं.

दुसरा वाद साफसफाईचा. तिने फ्रिजवर रंगीत तक्ता लावला. दोघी आयरिश मुली ‘वा, छान केलंस’ म्हणाल्या आणि तो कुणीच पाळला नाही. एके रात्री जेवताना तिने सरळ विचारलं, या आठवड्यात बाथरूम कुणाचं होतं? मेयोची मुलगी तीनतीनदा सॉरी म्हणाली आणि नंतर स्वयंपाकघरात यायचीच टाळू लागली. क्लेअरच्या मुलीने मग हिला रीत शिकवली. आधी चहा ठेवायचा, हवेबद्दल बोलायचं, आईची चौकशी करायची, आणि कप उचलता उचलता म्हणायचं की बाथरूमचं काहीतरी बघायला हवं, नाही का गं. हिने तसं केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूम लखलखीत.

पण तिचं तोंडावर बोलणं फुकट गेलं नाही. निबंध देण्याआधी त्या दोघी तो हिच्याकडेच वाचायला आणत. बाकी सगळे ‘मस्त झालाय’ म्हणायचे. कुठलं पान काढून टाक हे फक्त हीच सांगायची.

पुतणीला आयर्लंडमध्ये ६४ टक्के पडले. घरात सुतकी वातावरण आहे. तुमच्या जर्मन मैत्रिणीला किती पडायचे?
— एक शिक्षक, साखळी

सर, घरी आजच पेढे आणा. तिथे ७० किंवा वर गेलं की प्रथम श्रेणी. ६० ते ६९ ही द्वितीय श्रेणीची वरची पायरी, आणि पुढच्या शिक्षणाला किंवा नोकरीला बहुतेक ठिकाणी तीच मागतात. उत्तीर्ण व्हायला ४० पुरतात. वाङ्मयाच्या निबंधाला ८० पडलेला विद्यार्थी मी पाहिला नाही.

सोबतिणीच्या पहिल्या निबंधाला ५८ होते आणि तीही खट्टू झाली होती. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे टक्क्यांचा अंदाजच येईना. शेरा असा होता की माहिती भरपूर आहे, पण तुझं म्हणणं चौथ्या पानावर सुरू होतं. ती प्राध्यापिकेला भेटायला गेली. तिथे शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात. लाइपझिगला पत्राची सुरुवातच पदव्या लिहून करायची सवय, त्यामुळे दारात उभं राहून नाव घ्यायला तिला फार जड गेलं. प्राध्यापिकेने अर्धा तास दिला, आणि पुढच्या निबंधात तिचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात आलं. तुमच्या पुतणीलाही अशी शिक्षकांना भेटायची वेळ ठरवून दिलेली असेल. आपली मुलं संकोचाने जात नाहीत. तिला जायला सांगा.

दुसऱ्या महायुद्धावरून तिला कुणी काही बोललं का? आमच्या पिढीला हा प्रश्न पडतोच.
— निवृत्त वाचक, मडगाव

हा प्रश्न वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ बोलत होती. इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने तिला स्वतःलाच त्याची धास्ती होती. आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होतं. दोष देणारं तिला कुणी भेटलं नाही, आणि जे भेटलं त्याची तिने कल्पना केली नव्हती. क्लेअरच्या मुलीच्या घरी नाताळला गेली असताना आजीने सांगितलं की युद्धानंतर शेजारच्या घरी एक जर्मन मुलगी राहत होती. आयरिश रेडक्रॉसने १९४६ पासून जर्मनीतली चारशेहून अधिक मुलं आयर्लंडला आणली होती. त्या मोहिमेला ऑपरेशन शॅमरॉक म्हणत. विकलो डोंगरातल्या ग्लेनक्री इथे त्यांना आधी ठेवलं, मग देशभरच्या कुटुंबांनी घरी नेलं. जर्मनी तेव्हा उपाशी होती. बहुतेक मुलं काही वर्षांनी परत गेली, काही तिथलीच झाली. आजीला त्या मुलीचे बूट आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांनी गाडी वळवून मुद्दाम आर्डनाक्रशाचं वीजकेंद्र दाखवलं. स्वतंत्र झाल्यावर लगेच आयर्लंडने शॅनन नदीवर हा जलविद्युत प्रकल्प हाती घेतला, आणि १९२५ ते १९२९ या काळात तो जर्मनीच्या सीमेन्सने बांधला. ‘तुमच्या लोकांनी आमच्याकडे दिवे लावले,’ असं ते म्हणाले. लाइपझिगला परतल्यावर तिने प्रबंधाला ऑपरेशन शॅमरॉकचाच विषय घेतला.

आयरिश भाषा कुणी बोलतं का? मराठी-कोंकणीच्या वादात आयुष्य गेलेल्या माणसाची ही उत्सुकता आहे.
— एक वाचक, वाळपई

१९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा केलं, शाळेत ती सगळ्यांना शिकावी लागते, २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांनी ती येते असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपास. याचं एक मोठं कारण इतिहासात आहे. १८४५ च्या बटाट्याच्या रोगानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. सर्वात जास्त झळ पश्चिमेच्या गरिबांना, म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांना बसली. गॉलवेहून पश्चिमेला कॉनेमाराकडे बस धरली की आजही रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये दिसू लागतात. सोबतीण नवशिक्यांच्या वर्गाला जायची आणि त्याच वाटेवरच्या स्पिडल गावातल्या दुकानात मोडकंतोडकं बोलायची. दुकानदारीण बाई तिला घाई करत नसे. सरकारने भाषेला दर्जा देणं गरजेचं आहेच, पण त्या बाईसारखी माणसं दुकानात उभी असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पोर्तुगीज काळात गोव्यात जन्मलेल्या वडिलांची जन्मनोंद लिस्बनला झाली आहे. मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर त्या जर्मन मुलीसारखंच कमी पैशात आयर्लंडला शिकता येईल का?
— एक पालक, कुडचडे

पासपोर्ट युरोपीय संघाचा असेल तर व्हिसा लागत नाही आणि कामाच्या तासांवर बंधन नाही. भारतीय पासपोर्टवर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि जून ते सप्टेंबर व १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास काम करता येतं.

फीचं गणित मात्र पासपोर्टवर सुटत नाही. युरोपीय फीची सवलत मिळायला साधारणपणे आधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं युरोपात राहिलेलं असावं लागतं. मडगावहून थेट गेलेल्या मुलाला पोर्तुगीज पासपोर्ट असूनही परदेशी विद्यार्थ्याची फी लागू शकते. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि मतदानापासून सरकारी नोकरीपर्यंत बरंच काही त्याच्याबरोबर जातं. या विषयातल्या जाणत्या वकिलाला आधी भेटा. केवळ फीसाठी हे पाऊल उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे मास्टर्स केलं तर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत राहता येतं, तो रस्ता आधी नीट बघा.

घर कसं शोधायचं? आणि बॅगेत काय भरायचं?
— अनेक पत्रं

घराची टंचाई खरी आणि तीव्र आहे. प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी शोधायला लागा. खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय, स्वतः नाहीतर ओळखीच्या माणसाने, अनामत रक्कम पाठवू नका. फोटो दाखवून पैसे उकळणारे मुलांच्या घाईवरच जगतात. कुटुंबात पाहुणा-भाडेकरू म्हणून राहायची पद्धत तिथे आहे. खोली देणाऱ्या घरमालकाला वर्षाला १४,००० युरोपर्यंतच्या भाड्यावर कर नाही, म्हणून अशा खोल्या मिळतात. काही घरं फक्त सोमवार ते शुक्रवार ठेवून घेतात, ते आधी विचारून घ्या. मालकाच्याच घरात राहिल्यास भाडेकरू कायद्याचं संरक्षण मिळत नाही, तेव्हा नोटीस किती दिवसांची ते लिहून घ्यावं. नवख्या मुलीला पहिल्या वर्षी मी तरीही असंच घर सुचवेन.

छत्री नेऊ नका, वारा ती मोडतो. चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट तिथेच घ्या. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आयर्लंडच्या पश्चिमेला १,००० ते १,४००. पण तो वर्षभर थोडा थोडा पडतो, काही भागांत वर्षातले सव्वादोनशे दिवस. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. त्या महिन्यात मुलांना रोज फोन करा. २५ डिसेंबरला बस नाही, रेल्वे नाही, म्हणून कुणाकडे जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचावं.

तांदूळ आणि मसाले तिथे मिळतात. तूप आणि चोरीस (गोव्याचं सॉसेज) बॅगेत घालू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात सामानातून नेऊ देत नाहीत. सुकी सोलं भरपूर द्या. आमच्या घरात सोलकढीची सर्वात मोठी चाहती मेयोची मुलगी होती.